काचेवरची वेलांटी

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी आधी सांगते आणि ख्यालीखुशाली नंतर, कारण तुम्ही पत्राची शेवटची ओळ आधी वाचता हे मला चांगलं ठाऊक आहे. इथल्या वाचनालयाने त्यांचा रस्त्याकडचा मोठा हॉल मला महिनाभरासाठी दिलाय! हि बातमी मी अजून आईलाही सांगितलेली नाही. तिला सांगितली की अर्ध्या तासात तुमच्यापर्यंत पोचते आणि वाटेत तिला हातपाय फुटतात.

त्या हॉलला रस्त्याच्या बाजूने भली थोरली काच आहे. तिला मी आतून पातळ पांढरा कागद चिकटवणार. आत छताला एक प्रोजेक्टर टांगायचा, तो त्या कागदावर उजेड टाकतो. शेजारी एक कॅमेरा. जमिनीवर पांढऱ्या पट्टीने आखलेला चौकोन. त्या चौकोनात उभं राहून हवेत बोट फिरवलं की कॅमेरा ते बघतो, कॉम्प्युटर त्याची रेघ करतो आणि काचेवर शाई उमटते. दौत नाही, टाक नाही. आतल्या माणसाने लिहायचं आणि रस्त्यावरच्या माणसांनी वाचायचं, असा सगळा खेळ आहे.

कॉम्प्युटर हा शब्द आल्याबरोबर तुम्ही चष्मा काढून ठेवला असेल. घाला परत. पुढचं महत्त्वाचं आहे.

१५ मार्चला दिवेलागणीच्या वेळी उद्घाटन. त्या काचेवर पहिली ओळ तुम्ही लिहायची. आई कामावर जाताना मला तुमच्या छापखान्यात सोडून जायची आणि मी उपड्या खोक्यावर उभी राहून तुमच्या खणांतून ‘क’ शोधायची, तेव्हापासून माझ्या डोक्यात अक्षर म्हणजे तुमचा हात. दुसऱ्या कुणाला मी पहिली ओळ लिहू देणार नाही. मामा, तुम्ही आला नाहीत तर मला ते सगळं उपरं वाटेल. हि गोष्ट मी लाडात येऊन लिहीत नाहीये, खरंच सांगतेय.

मामीला नमस्कार. उत्तर पत्रानेच पाठवाल, तुम्हाला पडद्यावरचं वाचायचं नसतं.

लोभ आहेच, या वेळी जरा सढळ हाताने पाठवा.

तुमची,
वेलांटी


९ फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कपाळावरची ती बट अजून तशीच वळते ना? नाव मी ठेवलंय, त्याची लाज राख.

तुझं पत्र सोबत परत पाठवतोय. लाल शाईच्या खुणा बघ. दोन ठिकाणी ‘हि’ लिहिलं आहेस. ‘हि’ असा सुटा शब्द आपल्या भाषेत नाही. ‘ही’. दुसरी वेलांटी. पाचव्या वर्षापासून सांगतोय. वेलांटी नावाच्या मुलीने वेलांटीच चुकवावी म्हणजे कमाल झाली. तिसरी चूक अगदी वरती आहे. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, आणि तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात. मामाला तीर्थस्वरूप, म्हणजे ‘ती. स्व.’. नियम आहे, पाळायचा.

हॉल मिळाला, फार आनंद झाला. तुझी मामी शेजारी सांगत सुटली आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही. फक्त कटिंगवाला, दूधवाला आणि खालचे निवृत्त मास्तर एवढ्यांनाच सांगितलं.

आता दुसरं. मी येणार नाही. रागावू नकोस, मीही रागावून लिहीत नाही. चौतीस वर्षं मी खिळे जुळवले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, छापल्यावर सुलटं होतं, आणि उलटं वाचायची मला इतकी सवय झाली होती की रस्त्यावरच्या सरळ पाट्या वाचताना अडखळायचो. बोटात धरलं की शिशाचं वजन लागायचं. तुझ्या हवेतल्या अक्षराला वजन किती? मालकांनी त्या कॉम्प्युटरच्या डब्याला जागा करायची म्हणून माझे खण दाराबाहेर नेऊन ठेवले, तेव्हा तू शेजारीच उभी होतीस. एकोणीस वर्षांची. त्या दिवशी तू काय म्हणालीस ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. असो.

त्या डब्याला या जन्मात हात लावणार नाही, असं मी त्या दिवशी म्हटलंय. म्हटलं ते म्हटलं. पहिली ओळ तू लिही. फक्त वेलांटी बघून लिही.

आशीर्वाद कायमचे आहेत, ते परत मागवत नाही.

तुझा मामा


१० फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

मी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि टपाल कचेरीच्या बाकावर बसून हे लिहितेय. यांना कळता कामा नये. उत्तर पाठवू नकोस, आमच्या घरात आलेलं प्रत्येक पाकीट हेच फोडतात.

तुझं पत्र यांनी तीनदा वाचलं. एकदा चुका शोधायला, एकदा चुका मोजायला आणि तिसऱ्यांदा कशाला ते मी विचारलं नाही. मग मला म्हणाले, प्रोजेक्टर म्हणजे नेमकं काय असतं ग. मी सांगायला लागले तर म्हणे, मला काही करायचं नाहीये त्याच्याशी. दुसऱ्या दिवशी परत विचारलं!

आता ऐक. यांचे खण बाहेर काढले त्या दिवशी तू म्हणाली होतीस की मामा, आता हे सगळं कॉम्प्युटरवर एका मिनिटात होतं. धीर द्यायला म्हणालीस हे मला कळतं, तू काही दुष्ट नव्हतीस, नुसती कॉलेजात होतीस. पण चौतीस वर्षं एका मिनिटात निघाली ग. त्या दिवशी घरी येऊन हे कितीतरी वेळ हात धूत बसले. तेव्हापासून कुणी सहज ‘एक मिनिट’ म्हटलं तरी यांचं तोंड कडू होतं. आमच्याकडे म्हणून सगळे ‘जरा थांबा’ म्हणतात. तू मात्र दर सुट्टीत येऊन एक मिनिट, एक मिनिट करत घरभर नाचतेस, आणि हे हूं की चूं करत नाहीत.

तेव्हा विनवण्या करू नकोस, सरळ माफी माग. बाकी माझ्यावर सोड. मला तुझी काच बघायचीच आहे, मी हट्ट धरणार. पाच तासांच्या बसमध्ये मला एकटीला पाठवायचे नाहीत.

आणि अगदीच वेळ आली तर काचेवर एखादी चूक करून ठेव. गेल्या महिन्यात हे दवाखान्यात नाडी दाखवायला गेले आणि डॉक्टरांची पाटी दुरुस्त करून परत आले. नाडी राहिलीच. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण चुकीचा इतका राग मलाही येत नाही बाई.

भाजी घ्यायची राहिलीय, उठते. या पत्राचे तुकडे कर, माझ्यावरच्या प्रेमाचे करू नकोस.

तुझी,
मामी


१८ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नियम पाळला आहे, बघून घ्या.

मी काय म्हणाले होते ते मला आठवतं. मी म्हणाले होते की हे सगळं आता एका मिनिटात होतं. मामा, माझं चुकलं. तुमचे रिकामे हात बघून मला काहीतरी बोलायचं होतं आणि नेमकं तेच तोंडातून गेलं. तुम्ही तेव्हा मला झापलं असतं तर बरं झालं असतं. झापलं नाहीत, म्हणून मी अकरा वर्षं मनात ठेवून बसले. माफ करा मला.

आणि ते साफ खोटंही होतं. या काचेसाठी मी चार महिने कॉम्प्युटरला सूचना लिहितेय, ओळीमागून ओळ. एक कंस बंद करायचा राहिला की सगळं ठप्प. परवा एका अर्धविरामापायी माझे तीन दिवस गेले. अक्षरश: एक एक खूण चिमटीत धरून बघत होते, तुमच्यासारखी. एका मिनिटात म्हणे! त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीला इथे आणून बसवायला हवं होतं.

तुम्ही वजनाचं विचारलंत. वजन नाही, खरं आहे. पण एक गोष्ट सांगते. कॉम्प्युटरवर चित्र काढून ती चौकटीत लावणारे पुष्कळ आहेत. लोक येतात, बघतात, पुढे जातात. मला ते करायचं नव्हतं. माझ्या काचेत माणूस आल्याशिवाय काही म्हणजे काहीच नाही. चौकोनात कुणी उभं असेपर्यंत अक्षर टिकतं. तो माणूस बाहेर पडला की शाईचे थेंब होतात, घरंगळत खाली येतात आणि काचेच्या खालच्या कडेला मी काढलेल्या छोट्या छोट्या खणांत जाऊन बसतात. पुढचा माणूस आला की त्याच थेंबांतून त्याची ओळ. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना वाटतं की सगळं साठवून ठेवावं. मी नाही म्हटलं. छापून झालं की तुम्ही प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचात आणि मला म्हणायचात की उद्याच्या मजकुराला अक्षरं लागतील ना. मी तिथूनच घेतलंय ते. दुसरीकडून आणलेलं नाही.

मी आता या म्हणून गळ घालत नाही. पण पहिली ओळ मी रिकामी ठेवणार आहे.

माया पातळ झाली असेल तर तुमच्या शाईसारखी थोडी घोटून घ्या, पण ठेवा.

तुमची,
वेलांटी


६ मार्च

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. चूक एकही नाही. ‘अक्षरश:’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकलास, तो बारीक प्रकार आहे, सोडून देतो.

माफीचं वाचलं. ते पत्र परत पाठवत नाही, ठेवून घेतलंय. तू समजून घे.

तुझ्या मामीने काचेचा ध्यास घेतलाय. तिला एकटीला बसमध्ये बसवणं मला पटत नाही. तिची पिशवी जड असते. तेव्हा मी पिशवी धरायला म्हणून येतोय. रस्त्यावर उभं राहून बघेन. आत पाऊल टाकणार नाही. ओळीची वाट बघू नकोस. रात्रीच्या शेवटच्या बसने परत, तेव्हा मुक्कामाचा आग्रहही करू नकोस.

थेंब नेमके ज्याच्या त्याच्याच खणात जातात, की कुठेही जातात? मामी विचारतेय.

आशीर्वादात काटकसर नाही.

तुझा मामा


१७ मार्च

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तू त्या दिवशी आत होतीस, म्हणून तुला बाहेरची गंमत ठाऊकच नाही, आणि बस पकडायच्या घाईत सांगायची राहिली. आता हे समोर बसलेत, राजरोस लिहितेय.

आम्ही आलो तेव्हा रस्त्यावर चाळीसपन्नास माणसं सहज होती. हॉलमध्ये एवढी मावणार नाहीत म्हणून ग्रंथपाल बाई सगळ्यांना बाहेरच थांबवत होत्या. हे पलीकडच्या फुटपाथवर, छातीशी माझी पिशवी धरून, तोंड असं करून उभे की जणू दात काढायला आणलंय. बाई दोनदा बोलवायला आल्या, हे दोनदा नाही म्हणाले. तुझी सावली कागदाआड इकडून तिकडे फिरताना मला दिसत होती. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

मग शेवटी तूच लिहायला लागलीस. काळी कुळकुळीत रेघ काचेवर धावायला लागली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग टाळ्या थांबल्या! कुणाला काही वाचताच येईना. औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या की परकी भाषा असेल. समोरचा शिंपी मान वाकडी करकरून थकला. पोस्टमन म्हणाला, असल्या अक्षराची पाकिटं आम्ही परत पाठवतो. लोक हसायला लागले. पोरीने चार महिने खपून काय केलं हे, असं झालं मला.

तेवढ्यात माझ्या मागून मोठ्या आवाजात यांनी ती ओळ वाचली. अगदी घडाघडा, सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तशी. ‘ही काच तुमचीच आहे!’ सगळे मागे वळले. शिंप्याने विचारलं, तुम्हाला ही भाषा येते का. हे म्हणाले, भाषा आपलीच आहे, काचेच्या मागून बघताय म्हणून अक्षरं उलटी दिसतायत, एवढं साधं कसं कळत नाही कुणाला. आणि तिथेच थांबले नाहीत. म्हणाले, शिवाय त्यात चूक आहे, ‘ही’ची वेलांटी पहिली काढलीय.

आता मी काही गप्प बसणारी नाही. मी बघत होते, वेलांटीची उभी रेघ ‘ह’च्या उजवीकडे होती. उजवीकडे म्हणजे दुसरी, म्हणजे बरोबर. तीस वर्षं पोरांना शिकवलंय मी. तसं चारचौघांत सांगितलं त्यांना. पोस्टमन माझ्या बाजूचा झाला. हे असे पेटले! म्हणाले, अहो, सगळंच उलटं आहे तर वेलांटीही उलटीच दिसणार, उजवीकडची ती मुळात डावीकडची, म्हणजे पहिली, म्हणजे चूक. शिंप्याने दुकानातला आरसा आणून त्यात बघून सांगितलं की काका म्हणतात ते खरंय. मग काय विचारता. चाळीसपन्नास माणसांसमोर अशी चूक टांगलेली यांना कशी बघवणार? पिशवी माझ्या हातात कोंबली, दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडला आणि आत. या जन्मातलं ते म्हणणं त्यांना त्या घडीला आठवलं तरी का, देव जाणे.

आत काय झालं ते मला नुसतं सावलीत दिसलं. ओळ पुसली गेली. मग नवीन अक्षर आलं, आणि अग, सुलटं! आम्हाला बाहेरून सरळ वाचता येईल असं! शिंपी एक एक अक्षर मोठ्याने वाचायला लागला आणि मागून सगळा रस्ता. शाळेत बसल्यासारखं वाटलं मला.

मग यांनी खाली दुसरी ओळ लिहिली. लोक ती वाचून खूप हसले. मी नाही हसले. ती काय होती ते मी लिहीत नाही. तुला आतून उलटी दिसली असणार, वाचता आली का ते आधी सांग.

तू ती चूक माझ्या सांगण्यावरून मुद्दाम केलीस ना? मला सांग, मी यांना सांगत नाही. (हे वाचून हे वर बघतायत. कळलं त्यांना.)

हा जीव अजून बसमधून उतरलेला नाही ग. तुझ्यावर आहे तसाच आहे.

तुझी,
मामी


२० मार्च

ती. स्व. सौ. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वाचनालयाच्या पायरीवर बसून वाचलं आणि एकटीच इतकी हसले की ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. आता आतली हकीकत ऐक.

अक्षरं उलटी दिसतायत हे मला शेवटपर्यंत कळलंच नव्हतं. कसं कळणार? मी एकटीच काम करत होते. बघायला रस्त्यावर गेले की चौकोन रिकामा, आणि चौकोन रिकामा झाला की अक्षरं खणात! एकदा ग्रंथपाल बाईंना चौकोनात उभं करून मी बाहेर धावले, तर त्यांनी सूर्य आणि एक पक्षी काढला. सूर्य उलटा काय नि सुलटा काय. माझ्याच नियमाने माझी चूक माझ्यापासून लपवली. हि अक्कल मला तुमचे हसण्याचे आवाज ऐकू आल्यावर आली, आणि तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. ओळ बाहेरून सुलटी करायची तर आत लिहिणाऱ्याला उलटी दिसणार. तसं कोण लिहिणार? मी चौकोनात नुसती उभी होते. हललं तर ओळ जाणार आणि नाही हललं तर लोक हसतायत.

तेवढ्यात दार उघडलं आणि मामा आत. माझ्याकडे बघितलंही नाही. मला सरक म्हणाले. ते चौकोनात आले, मी बाहेर सरकले, तर त्यांनी विचारलं की शाई कुठाय. मी म्हटलं तुमच्या हातात. त्यांनी स्वत:च्या हाताकडे पुढूनमागून बघितलं. पुसायचं कसं विचारलं, मी तळवा फिरवा म्हटलं. त्यांनी जरा जोरात फिरवला आणि अख्खी ओळ सांडली. त्यांचा चेहरा असा झाला, जसा जुळवलेला मजकूर हातातून खाली पडल्यावर व्हायचा. मला वाटलं, आता गेले. पण त्यांनी बाह्या वर केल्या.

आणि मग मामी, त्यांनी उजव्या टोकापासून सुरुवात केली. उलटा ‘ही’. वेलांटीसकट. हात जरासुद्धा अडखळला नाही. चार अक्षरं झाली की सवयीने लांबून बघायला एक पाऊल मागे घेतलं, म्हणजे चौकोनाबाहेर, की सगळी अक्षरं घरंगळून खणात. मला म्हणाले, हे काय भलतंच. मी म्हटलं, मामा, बाहेर पडायचं नाही. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच मागे जाऊन बघायला सांगितलं आणि ओळ समपातळीत आहे का विचारलं. मी म्हटलं, आहे. बाहेरून तुम्ही सगळे एका सुरात वाचायला लागलात तेव्हा ते एकदम थांबले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसरी ओळ मला वाचता आली. वेळ लागला, उजवीकडून एक एक अक्षर लावत गेले, जसं खोक्यावर उभी राहून त्यांच्या हातातलं वाचायचे. ‘ही वेलांटी माझी आहे.’ लोक हसले, कारण त्यांना वाटलं की म्हातारा दुरुस्तीची फुशारकी मारतोय. मामी, मी खरंच खुर्चीत बसून रडले. त्यांनी वळून मला विचारलं की आता काय चुकलं.

तू बसची घाई करायला आत आलीस तरी ते चौकोनातून निघत नव्हते, आठवतं ना? आपण गेलो की ओळ जाणार, हे त्यांना कळलं होतं. मग निघाले ते दारात जाऊन वळून उभे राहिले आणि सगळे थेंब खणात जाऊन बसेपर्यंत बघत राहिले. मान हलवली आणि गेले.

चूक मुद्दाम केली नव्हती, शपथ. घाई झाली आणि सवय आड आली. आता ग्रंथपाल बाई रोज विचारतायत की उलटं लिहिणारे काका परत कधी येणार. रस्त्यावर लोक विचारत थांबतात.

माझ्यावरची माया अशीच राहू दे, मी चुका करत राहीन.

तुझी,
वेलांटी


२४ मार्च

चि. वेलांटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीच्या नावाचं होतं, पण टेबलावर उघडं पडलं होतं. प्रूफ कुणाच्याही नावाचं असलं तरी वाचायचं असतं.

माझी शंका फिटली. थेंब ज्याच्या त्याच्याच खणात गेले, मी मोजून बघितले. वजनाचंही समजलं. रात्री घरी आलो तर खांदा भरून आला होता, तेव्हा काहीतरी उचललं असणारच.

आता हिशेबाची एक गोष्ट. छापखान्यात मजकूर हातात घेतला की मी घड्याळ बघायचो. काचेसमोर उभा राहिलो तेव्हाही सवयीने बघितलं, आणि दुसरी ओळ संपल्यावर परत बघितलं. अकरा मिनिटं! दोन ओळींना, आठ शब्दांना, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर, मला, चौतीस वर्षांच्या माणसाला, अकरा मिनिटं लागली. एका मिनिटात होतं म्हणणारी कोण होती ती? तिला माझा निरोप दे. म्हणावं, इतकं हसायला येतंय की आता राग धरून ठेवता येत नाही. काल मीच मामीला म्हटलं, एक मिनिट थांब. ती बघतच राहिली.

काच सरळ करू नकोस. करता येत असली तरी करू नकोस. लोकांना आत उभं राहून उलटं लिहायला शिकवता येतं, चार दिवसांचं काम आहे, तू पाचव्या वर्षी शिकली होतीस. पुढच्या रविवारी येतो. पिशवी मामी धरेल.

तुझ्या पत्रात दुसऱ्या परिच्छेदात पुन्हा ‘हि अक्कल’ आहे. लाल शाईची बाटली उघडली होती. मग म्हटलं, जाऊ दे. त्या एका चुकीने मला रस्ता ओलांडायला लावला. ठेवतो तशीच.

रविवारपर्यंत जीव लावून ठेव, आल्यावर व्याजासकट वसूल करतो.

तुझा मामा

ता. क. ठेववलं नाही. दुरुस्त केली आहे. पत्र सोबत परत पाठवतोय.

आणखी एक. यापुढे मला पत्र लिहिताना वरती ‘ती. स्व.’ लिहीत जाऊ नकोस. पहिल्या पत्रात लिहिलं होतंस तसं नुसतं ‘ती.’ पुरे. नियम मला माहीत आहे.